अँबॅसेडरचं तिसरं सील

तिसरं ऑइल सील हातात घेऊन मी अँबॅसेडरखाली सरकत होतो आणि गाडीच्या मालकीणबाईंचा मुलगा बजावत होता, "मिस्त्री, ह्या टायमाला गळली तर उद्या भंगारवाला येतोय. सांगून ठिवलंय."

गाडी इनामगावच्या सिस्टरची. दौंडच्या दवाखान्यात नर्स आहेत, वीस वर्षं रोज हीच गाडी स्वतः चालवत ड्यूटीला जातात. एरवी मला बोलू देत नाहीत, आज वाकून गाडीखाली बघत होत्या.

ऑइल सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची रबरी रिंग. ती ऑइल बाहेर येऊ देत नाही. ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मी दोनदा उतरवला होता. दोन्ही वेळा आठवड्यात गळती परत. माझं गॅरेज शिरूरला, तर शिरूरभर माझी शोभा झाली होती.

सिस्टर एकदम म्हणाल्या, "मिस्त्री, नाकातनं रक्त थांबंना तर आम्ही आधी बीपी बघतो. नुस्ता बोळा कोंबत न्हाई."

मी हसणार होतो. पण बीपी म्हणजे दाब, हे डोक्यात आलं आणि तसाच बाहेर आलो. इंजिन चालू केलं, ऑइल भरायचं झाकण सैल केलं. फुस्सकन गरम वारा हातावर आला. झाकण काढून ठेवलं, तर खालचा थेंबही थांबला.

इंजिनाच्या पोटात गॅस साठतो. तो बाहेर जायला ब्रीदर नावाचा पाइप असतो. तो तुंबला की गॅस ऑइलला रेटतो. मग सील बिचारं काय करणार?

या गाडीचा ब्रीदर खाली मोकळा सोडलेला. तोंडाशी हात घातला, तर ऑइल-धुळीचा कडक गोळा. कापला. आत निळ्या चौकड्याचं फडकं निघालं. माझ्याच जुन्या शर्टाचं! गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची धूळ जाऊ नये म्हणून मीच बांधलं होतं, आणि साफ विसरलो होतो.

लाज वाटली, पण सांगून टाकलं.

"म्हंजी बोळा तुमीच कोंबला व्हता व्हय?" सिस्टर पोट धरून हसल्या.

सील न बदलता नुसता ब्रीदर साफ करून दिला; त्याच दुपारी त्या दौंडला जाऊन आल्या. मी गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवला. चहा झाला, पुठ्ठा काढला. कोरा! मी भर गॅरेजात शिट्टी मारली.

सिस्टरनी पुठ्ठा मुलाच्या हातात दिला. "भंगारवाल्याला ह्यो दे."

तिसरं सील अजून माझ्या फळीवर पाकिटातच आहे. गळकी गाडी आली की आधी त्याच्याकडे बघतो, आणि मग ही गाडी शेवटची कुणाच्या हाताखालून गेली ते विचारतो. बऱ्याचदा माझ्याच.