मुबशिराभाभीच्या पिशवीतलं पुस्तक

निमगाव केतकीत मुबशिराभाभीकडे शिवायला टाकलेला ब्लाऊज शनिवारीच मिळतो आणि पिशवीत त्याच्या घडीखाली एक पातळ पुस्तक असतं. छोटे प्रकाशक काढतात तसले नवे कथासंग्रह ती पदरच्या पैशाने मागवते, आधी स्वतः वाचते, मग कुणाला काय द्यायचं ते ठरवते. "रविवारी एवढी एकच गोष्ट वाचा, वैनी. बाकीचं ऱ्हाऊ द्या," म्हणते. सोमवारी पुस्तक परत. नवरा गेल्यापासून शिलाई मशीन आणि ही पुस्तकं, एवढ्यावरच तिचे दिवस चाललेत.

नुकत्याच आलेल्या एका संग्रहात माझ्या लेकीची, स्वरूपाची पहिली कथा आहे. त्यात फ्रिजला कुलूप लावणारी काकू आहे. आमच्या भावकीत असं कुलूप एकाच घरी, थोरल्या जाऊबाईंच्या. आणि भाभीने ते पुस्तक पहिल्यांदा त्यांनाच दिलं.

जाऊबाईंनी पुस्तक परत पाठवलं आणि मुलाच्या लग्नाचे सगळे ब्लाऊजपीस मागवून घेतले. ते आता इंदापूरच्या शिंप्याकडे गेले. माझ्याशी बोलणं बंद. स्वरूपा पुण्यात असते, तिला मी काही कळवलेलं नाही.

मी भाभीकडे गेले. "ते पुस्तक आता कुणाला देऊ नका."

भाभीने मशीन थांबवलं नाही. "माझीबी लग्नाची शिलाई गेलीच की. थोरलीचा मान म्हनून आधी तिला दिलं. कुलपाचं ठावंच नव्हतं. शिवणाऱ्या बाईला सोप्यापुढं सैपाकघरात कोन नेतंय?"

"म्हणून तर म्हणते. कुणाच्या घरात काय आहे, तुम्हाला कुठं ठाऊक?"

"ठेवते मग. पन पोरीलाबी सांगा, लिहू नको म्हनून. तुमी वाचली का?"

वाचली नव्हती. कुलपाचं नुसतं कानावर आलं होतं, भीतीने पानच उघडलं नव्हतं. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं.

रविवारी वाचली. शेवटी सगळे निजल्यावर ती काकू कुलूप काढते आणि उरलेला भात उभ्यानेच खाते. जाऊबाई तिथवर पोचल्याच नसाव्यात. मला त्यांची कीव आली. मग वाटलं, ही पोर घरात गप्प बसून एवढं बघत होती, तर माझं काय काय बघितलं असेल?

सोमवारी पुस्तक परत नेलं.

"कशी वाटली?"

"काकू चांगली उतरलीय. सुरुवात फार लांबवलीय."

"ते तिला सांगा," म्हणत भाभीने ते लासुर्ण्याच्या एका बाईच्या पिशवीत सरकवलं. मी अडवलं नाही.