दोन फेऱ्यांचा अर्ज

तक्रारदार: मी, दत्तात्रय, वय त्रेपन्न, बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्थानकाबाहेरचा अर्जलेखक, शिक्षण सातवी (उत्तीर्ण!). आरोपी: उपरोक्त दत्तात्रय. स्थळ: येलहंक्याकडचे तळे. वेळ: गेल्या साली एका रविवारची भर दुपार. साक्षीदार: पत्नी शालिनी, कन्या सुधा, तिचे बेळगावकडचे प्राध्यापक आणि तळ्याचा रखवालदार.

वस्तुस्थिती अशी की, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षासाठी सुधाने उन्हावर चालणारी विजेची होडी बांधली होती. ती किती लांब जाईल याचा सुधाचा अंदाज खरा ठरला, तरच प्राध्यापक सही करणार होते. अन्यथा वर्ष वाया.

"बॅटरीतली वीज, अधिक उन्हाची वीज, भागिले किलोमीटरला लागणारी वीज," सुधा म्हणाली. "तीन किलोमीटर, अण्णा. तळ्याची एक फेरी. तेवढ्या परवानगीचा अर्ज लिहा."

मी दोन फेऱ्या लिहिल्या! दुप्पट मागावे, म्हणजे साहेब निम्मे मंजूर करतात, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. दुर्दैवाने हे साहेब भले निघाले. त्यांनी दोन्ही फेऱ्या मंजूर केल्या आणि प्रत प्राध्यापकांना पाठवली!

"इथं दोन लिहिलंय की गं!" काठावर प्राध्यापकांनी कागद पुढे केला.

सुधाने माझ्याकडे पाहिले. मी पाणकोंबड्यांकडे पाहिले.

"माझा अंदाज एकीचाच आहे, सर," एवढेच ती म्हणाली. दुसरी फेरी कोणाच्या लेखणीतून आली, हे तिने सांगितले नाही.

"मग एक तरी पुरी करून दाखव."

हिशेब दोन माणसांच्या वजनाचा होता. दुसरे माणूस होण्याचा मान मी घेतला. मागच्या फळीवर ताठ बसलो आणि ऊन लागते म्हणून माझी प्रशस्त काळी छत्री उघडली. पाऊण फेरी झाली आणि होडी थांबली.

"होडी निंतु होयतु, सार!" होडी थांबल्याची बातमी रखवालदाराने कानडीत ओरडून दिली.

"अहो, उतरून ढकला!" शालिनीचा सल्ला. (मला पोहता येत नाही, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.)

सुधाने सगळ्या तारा तपासल्या. मग मागे वळली.

"अण्णा, छत्री कुठं धरलीय?"

"डोक्यावर."

"आणि सावली?"

सावली मघापासून सौर पॅनेलवर होती.

मी छत्री मिटली. सुधाने तळहातावर पेनाने काही आकडे मांडले आणि काठाकडे तोंड करून ओरडली, "सर, बॅटरी संपली! आता नुसत्या उन्हावर चाळीस मिनिटांत काठावर येतो!"

मग तिने आपली गुलाबी ओढणी तळ्यात भिजवून माझ्या टकलावर पसरली, कडा कानांमागे खोचल्या.

"पदर पॅनेलवर येऊ देऊ नका. सरी?"

"सरी," मीही कानडीतच 'बरं' म्हणालो.

एकेचाळिसाव्या मिनिटाला काठ लागला.

"ही कोण बाई आणलीस गं?" शालिनी म्हणाली.

मी ओढणीसह प्राध्यापकांपुढे उभा राहिलो. "दुसरी फेरी माझी होती, साहेब. मुलीचा अंदाज बरोबर होता."

"ते अर्जाच्या भाषेवरूनच कळलं होतं," ते म्हणाले, घड्याळ पाहिले आणि सही केली.

सुधाच्या अहवालात 'अडथळे' या सदराखाली नोंद आहे: वडील, छत्रीसह. ती मला मान्य आहे. परंतु आता सुधा नोकरीला लागली असून तिला रविवारीही सवड नसते. सबब नम्र विनंती की, तिने या अर्जदारास त्याच होडीतून, विनाछत्री, दोन फेऱ्या मारून आणाव्यात व तसे लेखी कळवावे.

(एक मंजूर झाली तरी पुष्कळ आहे.)