परत गेलेले टँकर

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना गावात कुणी नावाने हाक मारत नसे. रोज सकाळी काचेच्या बाटल्या घेऊन एकेका टाकीतल्या पाण्याचे नमुने गोळा करत फिरणं हे त्यांचं काम. त्यामुळे तोंडावर नमुनेभाऊ आणि पाठीमागे नुसतंच 'नमुना'. हे दुसरं त्यांना ठाऊक होतं आणि त्यात फारसं खोटं काही नव्हतं. कुणाच्या घरी गेले तरी पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघत आणि मगच ओठाला लावत. यजमानीणबाईंना राग यायचा, पण करणार काय?

लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीकडे राहत. ताईची रोपवाटिका केंद्राच्या फाटकासमोरच होती. शुद्ध झालेलं पाणी रोपवाटिकेमागच्या कालव्यात सोडलं जाई आणि त्याच कालव्यावर ताईचा पंप होता. केंद्रात येणारं पाणी गावच्याच कापड रंगवण्याच्या कारखान्याचं होतं, तोवर कुणाची काही तक्रार नव्हती. पुढे कारखाना बंद पडला, टाक्या रिकाम्या राहू लागल्या आणि तीन तासांच्या अंतरावरच्या एका क्रोमियमचा मुलामा देण्याच्या कारखान्याचं विषारी पाणी टँकरने येऊ लागलं. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं होतं ते सांडपाणी आणि लोकांचं ते विष, असं काहीसं झालं.

ताईने पहिल्याच आठवड्यात पंप बंद केला. घरच्या नळाचं पाणी दोन कॅनमधून वाहून ती रोपांना घालू लागली. दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसाला वीस खेपा. नमुनेभाऊंनी परोपरीने सांगितलं, की कालव्याचं पाणी मी स्वतः तपासतो, ते चांगलं आहे.

"लहानपणी अंगात एकशेतीन ताप असायचा, तरी तू ठीक आहे म्हणायचास," ताई म्हणाली आणि कॅन उचलून चालू लागली.

टँकर बंद करायचे का, हे ठरवायला शाळेच्या सभागृहात गावाची बैठक बोलावली गेली. टँकर बंद म्हणजे केंद्र बंद, हे नमुनेभाऊंना दिसत होतं. पण नोकरीपेक्षा त्यांना ते दोन कॅन जास्त टोचत होते. सख्ख्या बहिणीला पटत नाही, तिथे गावाला काय पटवणार?

बैठकीला ते नोंदवही घेऊन गेले. अकरा महिन्यांत दोनशे बारा टँकर, प्रत्येकापुढे त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द: ठीक. त्यांनी तो अभिमानाने वाचून दाखवायला सुरुवात केली. पंधराव्या 'ठीक'ला मागच्या बाकावरचा न्हावी म्हणाला, "भाऊ, इतकं ठीक तर माझा संसारही चाललेला नाही." सभागृह हसलं.

मग ताई उठली. तिच्या हातात बियांच्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेला हिशेब होता. फाटकासमोर बसून ती टँकर बघत असे. एरवी टँकर रिकामा व्हायला तीन तास लागतात, पण चार टँकर चाळीस मिनिटांत बाहेर पडले होते. तिने चारही तारखा वाचल्या, सगळ्या गेल्या पाच महिन्यांतल्या. "चाळीस मिनिटांत माझं एक पोतं खत चाळून होत नाही," ती म्हणाली. "ह्यांनी विष कसं चाळलं? सरळ कालव्यात ओतून मोकळे झाले असतील."

कुठेतरी पाणी मुरतंय, अशी कुजबुज सुरू झाली. नमुनेभाऊ डोळे मिटून बोटं मोजू लागले. ते तारखा आठवत होते, पण लोकांना वाटलं, चोरी पकडली गेली.

"ते पाणी कुठेच ओतलं नाही," शेवटी ते म्हणाले. "ते चारही टँकर मी परत पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं एक आणि आत निघालं भलतंच."

"मग वहीत का नाही?" कुणीतरी विचारलं.

"आत घेतलंच नाही, त्याची नोंद कशाची करायची?"

हे त्यांना इतकं साधं वाटत होतं, की लोक का हसताहेत तेच त्यांना कळेना. केंद्रातली वही आत घेतलेल्या पाण्याची होती. आयुष्यात जे सगळ्यात सांगण्यासारखं केलं, ते लिहायला जागा नव्हती म्हणून त्यांनी लिहिलं नव्हतं.

मग त्यांना कपाट आठवलं. फाटकाशी आलेल्या प्रत्येक टँकरमधली एक बाटली, आणि कालव्यात सोडायच्या पाण्याची रोजची एक, लाखेने बंद करून सहा महिने ठेवायची पद्धत होती. टँकरच्या बाटलीवर चालकाचीही सही असे. त्यांनी ते सांगितलं. ताई हात पुढे करून म्हणाली, "किल्ली दे."

दुसऱ्या दिवशी ती न्हाव्याला साक्षीला घेऊन गेली. त्या चार बाटल्या तिने काढल्या आणि कालव्याच्या पाण्याच्या पाच बाटल्या स्वतःच्या मर्जीने निवडल्या. रोपं बांधते तशा ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. "कुठल्या प्रयोगशाळेत नेतेस ते मला सांगू नकोस," नमुनेभाऊ म्हणाले. तिनेही सांगितलं नाही.

निकाल यायला बारा दिवस लागले. ताई जेवण वाढायची, पण मीठ हवं का, ह्यापलीकडे बोलायची नाही.

चारही बाटल्यांतलं पाणी जहाल निघालं. एकीत तर चिठ्ठीतल्या आकड्याच्या नऊपट क्रोमियम. कालव्याच्या पाचही बाटल्या मर्यादेच्या आत होत्या. मात्र एका बाटलीचा आकडा नमुनेभाऊंच्या आकड्याहून जरासा जास्त होता. त्यांचा चेहरा उतरला. दुपारभर ते जुनी आकडेमोड तपासत बसले आणि संध्याकाळी म्हणाले, "माझंच चुकलं असणार."

"बरं झालं चुकलास," ताई म्हणाली. "पाचही जुळले असते ना, तर तुम्ही एकमेकांचं बघून लिहिलंय असं मी धरलं असतं."

दुसऱ्या बैठकीत टँकरना सहा महिन्यांची मुदत मिळाली. वहीत 'परत' असा नवा रकाना आला. 'ठीक' शब्दावर बंदी आली, आकडेच लिहायचे ठरले. फाटकावर फळा लागला आणि तपासणीच्या वेळी गावातल्या एकाने पाळीपाळीने हजर राहायचं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात ताईची पाळी होती. टँकरमधलं पाणी काचेच्या नळीत घेऊन नमुनेभाऊंनी त्यात औषधाचे थेंब सोडले. नळीतलं पाणी जांभळं झालं, नको तेवढं गडद. चालक काकुळतीला आला. "ताई, एवढ्याशा रंगावरून तीन तास मागे जाऊ?"

"तो एवढासा रंग माझ्या रोपांच्या मुळाशी जाईल, भाऊ," ताई म्हणाली. "पाणी प्या आणि निघा." मग खडू घेऊन तिने फळ्यावर 'परत' लिहिलं आणि नमुनेभाऊंना क्रोमियममधला मि ऱ्हस्व की दीर्घ ते विचारलं. ती लिहितच होती, तेवढ्यात रस्त्यापलीकडून वाहत आलेला पाण्याचा एक ओघळ फाटकाखालून तिच्या चपलेपर्यंत आला.

"अगं बाई, वाफा भरला," असं म्हणत ती खडू त्यांच्या हातात देऊन रस्ता ओलांडून धावली.

नमुनेभाऊ त्या ओघळाकडे बघत राहिले. नळाच्या पाण्याने वाफा असा ओसंडून वाहत नाही. त्यांनी कान दिला, तर समोर कालव्यावरचा पंप चालू होता.