न पिंजलेली बाजू

लग्न होऊन सून या घरात आली त्या आठवड्यात, बादली घेऊन जिना उतरताना, तिला एक गादी वर चढून येताना दिसली. पट्ट्यापट्ट्यांची खोळ, फुगलेलं अंग आणि खाली दोन सावळे पाय. वळणावर गादीने दम खाल्ला आणि म्हणाली, "नवी सून ना तू? सरक बाई, मला समोरचं काही दिसत नाही."

सून भिंतीला चिकटून उभी राहिली. गादी पुढे गेली आणि पायऱ्यांवर कापसाचे बारीक पुंजके तरंगत राहिले. गादीमागचं माणूस तिला दिसलं ते संध्याकाळी, सासूबाईंनी ओळख करून दिली तेव्हा. "या आपल्या गादीवाल्या मावशी. नव्या जोडप्याला सगळेच गादी देतात, म्हणून यांनी आम्हा म्हाताऱ्यांना दिली."

"म्हाताऱ्यांचीच हाडं दुखतात," मावशी म्हणाल्या. "पोरांना काय, फरशीवरही झोप लागते."

तळमजल्यावरचं गादीचं दुकान मावशींचं. त्यांच्याहून थोरली माणसंही त्यांना मावशीच म्हणत. नवरा लवकर गेला, तेव्हा मावशींच्या सासऱ्यांनी त्यांच्या हाती दाभण दिलं आणि एकच नियम शिकवला: पिंजायला घेतली की गादी अख्खी पिंजायची. अर्धी पिंजलेली गादी म्हणजे अर्धी दाढी केलेला नवरदेव. मावशींनी तो नियम जन्मभर पाळला. त्यांच्या केसांत सदा कापूस अडकलेला असे, त्यामुळे केस खरोखर कधी पिकले ते कुणालाच कळलं नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. माझ्याकडे पाय पाहून अंथरूण मिळतं."

सासूबाईंना दिलेली गादी चांगली ढोपरभर जाड होती. त्या काळात ते योग्यच होतं. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. पण दिवस मावळला की गच्ची निवायची, खिडकीतून वारा यायचा आणि पहाटे चादर ओढून घ्यावी लागायची. सासरे खिडकीकडच्या बाजूला झोपत, सासूबाई भिंतीकडच्या. सासरे शहरातली बस चालवायचे. दुपारची पाळी नसली की घरी येऊन पलंगाच्या कडेला बसायचे, वाकून एकेक बूट काढायचे आणि मग आडवे व्हायचे. वर्षानुवर्षं तिथेच बसून बसून गादीला त्या जागी एक खळगा पडला.

सासरे गेले. खळगा राहिला.

त्यानंतरचे उन्हाळे वेगळेच निघाले. एकेक उन्हाळा मागच्याचा थोरला भाऊ. शहर चहूबाजूंनी सिमेंटनं भरत गेलं, रस्त्याकडेची झाडं गेली आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्रभर धग सोडू लागल्या. पंखा होता, पण तो गरम हवाच ढवळायचा. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त पोस्टमन दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, वय झालं होतं. दवाखान्यातली नर्सताई मात्र म्हणाली, "वय कालही तेवढंच होतं. काल एवढं ऊन नव्हतं."

ती घरोघर फिरून सांगू लागली, वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना दुपारभर खाली, गार जागी ठेवा. गार जागा कुठली, असं लोक विचारू लागले. मावशींच्या दुकानाला दगडी फरशी होती, भिंती जाड होत्या आणि ऊन आत यायला वाटच नव्हती. मावशींनी पिंजण्याचं यंत्र दुपारचं बंद केलं, कापसाची धूळ कुणाच्या छातीत जाऊ नये म्हणून ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं आणि विकायच्या गाद्या ओळीनं अंथरल्या.

सुनेला ते दुकान दुपारी बघायला फार आवडायचं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जेवायच्या सुट्टीत सासूबाईंना बघायला घरी यायची, तेव्हा आधी मावशींच्या दारात थांबायची. अर्धं शटर ओढलेलं, आत पाण्याखाली असावा तसा हिरवट उजेड आणि त्यात म्हातारी माणसं निजलेली, जणू एखाद्या मंद बोटीतून सगळे मिळून कुठेतरी चालले आहेत. कुणी झोपेत हसायचं, कुणी कुणाला तरी हाक मारायचं. दाराशी स्टुलावर मावशी जाग्या असायच्या. मधूनच उठून त्या एकेकाचा खांदा हलवायच्या आणि पाण्याचा पेला ओठाला लावायच्या. माणूस अर्धवट झोपेत पाणी प्यायचं आणि पुन्हा आपल्या स्वप्नात उतरायचं.

सासूबाई मात्र काही केल्या खाली यायला तयार नव्हत्या. मुलगा मालाचा ट्रक चालवायचा, आठ-आठ दिवस बाहेर. तो असला की समजवायचा, नसला की सून समजवायची. शेवटी एकदा सासूबाईंनी खरं कारण सांगितलं.

"दुपारी डोळा लागला की हे येतात. काही बोलत नाहीत. खिडकीकडच्या बाजूला बसतात, बूट काढतात. गादी दबलेली मला कळते." मग म्हणाल्या, "मी जागा बदलली तर त्यांनी मला शोधायचं कुठं?"

सुनेनं हात टेकले.

आणि एका दुपारी ती घरी आली तेव्हा सासूबाई पलंगावर बसून भिंतीशी बोलत होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. त्यांनी सुनेला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, शाळा सुटली का. सुनेची हाक ऐकून मावशी धावत वर आल्या. दोघींनी ओल्या चादरीत त्यांना गुंडाळलं, काखेत बर्फ ठेवला आणि गाडी बोलावून दवाखान्यात नेलं.

त्या वाचल्या. घरी सोडताना नर्सताईनं सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी वेळेवर आणलंत. पुन्हा असं झालं तर मी काही शब्द देऊ शकत नाही. त्यांना त्या खोलीत दुपारी ठेवू नका."

घरी आल्या आल्या सासूबाई म्हणाल्या, "मला माझ्या गादीवर निजू दे बरं."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी मागोमाग आल्या होत्या. त्या काही समजवायला लागल्या नाहीत. पलंगाशी गेल्या, गादीच्या पोटात मनगटापर्यंत हात खुपसला आणि तसाच ठेवून उभ्या राहिल्या.

"आत भट्टी आहे," त्या म्हणाल्या. "खोली तापते ती तापतेच, वर ही गादी अंगाची धग धरून ठेवते. मीच भरलीये ही, दाबून दाबून. वहिनी, भाऊजी नक्की कुठे बसतात?"

"तुला काय करायचंय?"

"दाखवा तर."

सासूबाईंनी खळग्यावर हात ठेवला. मावशींनी तिथे खडूनं मोठं गोल काढलं. "ही मी खाली नेते. पातळ करते. एवढ्या गोलाला हात लावणार नाही."

"पिंजशील. तुझी खोड मला माहीत आहे."

"मग येऊन बसा समोर, पहारा द्या."

आणि खरंच, सासूबाई खाली आल्या त्या पहारा द्यायला. मावशींनी खोळ उसवली, भिंतीकडचा कापूस काढून पिंजला, त्यातला निम्म्याहून जास्त बाजूला टाकला आणि उरलेला हलका पसरला. खिडकीकडच्या बाजूला वरचा थर तसाच राहू दिला, फक्त खालून हलक्या हातानं भर कमी केली. दाभण घेऊन त्या गोलाभोवती टाके घालताना त्यांचा हात दोनदा थांबला. "माझे सासरे बघत असतील तर आज त्यांनी डोळे मिटून घ्यावेत," त्या पुटपुटल्या. शेवटी जी गादी तयार झाली ती दिसायला अगदी विद्रूप होती: एकीकडे सपाट, दुसरीकडे उंचसखल.

"ही कुणी विकत घेणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तुम्हाला देतेय."

मावशींनी ती गादी दुकानातच अंथरली. दुसऱ्या कुणी तिच्यावर झोपू नये म्हणून सासूबाई दुपारी खाली येऊ लागल्या आणि आल्या की झोपू लागल्या. पण सासरे आले नाहीत. रोज दुपारनंतर सून विचारायची आणि त्या मान हलवायच्या. एकदा उठल्या त्या रागानंच. शेजारच्या गादीवरच्या आजोबांनी आयुष्यभर घोडागाडी हाकली होती. त्यांना म्हणाल्या, "आज माझ्या स्वप्नात तुमचा घोडा आला होता. पांढरा, एका कानाला काळा ठिपका. माझ्या अंगणातली सगळी फुलं खाऊन गेला."

आजोबा उठून बसले. "डाव्या कानाला?"

"डाव्याच."

"तोच," आजोबा म्हणाले आणि कितीतरी वेळ समाधानानं बसून राहिले.

सुनेला भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. सासरे आले नाहीत, तर सासूबाई पुन्हा वर जाऊन निजतील. उन्हाळा अजून संपायचा होता. तिनं ते मावशींना बोलून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "येतील ते. बसच्या माणसाला नवा मार्ग अंगवळणी पडायला वेळ लागतो."

पुढे एका दुपारी सून दारात उभी असतानाच सासूबाई जाग्या झाल्या. कुठे आहोत हे कळायच्या आधीचं एक वेगळंच हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"आले होते," त्या म्हणाल्या. "पण उंबऱ्यापाशीच उभे राहिले. एवढ्या परक्या बायकापुरुषांतून बूट घालून आत कसं यायचं, म्हणाले. अडाणी माणूस."

मावशी स्टुलावरून उठल्या. कुणाला काही न विचारता त्यांनी सासूबाईंची गादी ओढत दाराजवळ आणली आणि खळग्याची बाजू रस्त्याकडे करून ठेवली. मग आपलं स्टूल उचलून पलीकडच्या भिंतीला नेलं, म्हणजे येणाऱ्याच्या पायात यायला नको.

सासूबाई परत वरच्या खोलीत दुपारी निजल्या नाहीत. सासरे आत आले की नाही ते त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही आणि सुनेनंही विचारलं नाही. कधीकधी झोपेतच त्या खळग्यावर हात ठेवायच्या आणि जरा आतल्या बाजूला सरकायच्या, एवढं मात्र तिनं पाहिलं आहे.

यंदाच्या उन्हाळ्यातही त्या जेवण झालं की जिना उतरतात. मावशी हल्ली पहाटे यंत्र लावतात, ऊन चढलं की बंद करतात आणि सगळ्या गाद्या पातळच भरतात. जाड गादी मागणाऱ्याला त्या पुढच्या चौकातलं दुकान दाखवतात.