खांबाची उत्तरपूजा

अंधेरी पूर्वेला चाळींनी तिन्ही बाजूंनी वेढलेलं एक लहानसं लेणं आहे. गुणाजी तिथला पहारेकरी. शिट्टी त्याच्याकडे आहे, पण ती खिशातच असते. ओरडलं की माणूस चिडतो आणि आपली पाठ वळली की मुद्दाम दगडावर ओरखडा काढतो, हे अकरा वर्षांत त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणून कोणी खांबाजवळ किल्ली काढली की हा झाडू घेऊन नेमका तिथंच हजर. "जरा सरकतास काय? केर काढतंय." समोरचा ओशाळून सरकायचा.

तरी आतल्या डाव्या खांबावर बदाम आणि नावं वाढतच होती. पुरातत्त्व खात्याच्या मानसी मॅडमनी बजावलं होतं, "काका, आणखी नुकसान झालं तर मला दाराला जाळी आणि कुलूप घालावं लागेल." कुलूप म्हणजे दुपारी गारव्याला अभ्यास करणाऱ्या वस्तीतल्या मुलीही बाहेर आणि लांबून बघायला येणारेही बाहेर. एका सकाळी गुणाजीने गुपचूप खांबाला हळदकुंकू लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं.

बदाम थांबले. देवावर किल्ली कोण चालवणार?

पण पंधरवड्यात तेल आलं, मग कापूर, मग नारळ. समोरच्या चाळीतल्या जयंतीबाईंनी तर सुनेच्या बाळंतपणासाठी नवसच बोलला. दोन महिन्यांत खांब तेलाने काळा पडला, कापूर जळायचा तिथं दगडाची कपची उडाली. गुणाजी बघत राहिला. सोमवारी मॅडम यायच्या होत्या.

बायकोला, सुलक्षणाला, त्याने सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिने विचारलं, "देव तुम्हीच बसवलात ना?"

"हो."

"मग उठवाही तुम्हीच. गणपतीला नाही का उठवत?"

रविवारी सकाळी अक्षता घेऊन तो खांबापुढे उभा राहिला. बायका तेलाच्या वाट्या घेऊन आल्याच होत्या.

"हा देव मी केलेला," तो म्हणाला. "पोरं नावं कोरतात म्हणून मीच कुंकू लावलं. चुकलं माझं. आज उत्तरपूजा करतो."

"आणि माझा नवस?" जयंतीबाई कडाडल्या. "दोन महिने तेल घालतेय मी! बघत होतास ना रे मेल्या?"

"बघत होतो, वैनी."

त्याने अक्षता वाहिल्या. उत्तरपूजेला मूर्ती जराशी हलवतात. खांब कसा हलणार? त्याने फूल तेवढं हलवलं आणि हात जोडले.

जयंतीबाईंनी आपली पणती उचलली. "नवस मी देवाला बोललेय, तुझ्या खांबाला नाही," म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

सोमवारी मॅडमनी खांबावरून बोट फिरवलं. गुणाजीने काही लपवलं नाही.

"काका, दगडात मुरलेलं तेल काढायचं कसं?" त्यांनी टेप काढून गुणाजीला जाळीसाठी दाराचं माप घ्यायला सांगितलं. "उद्या परत कोणी तेल आणलं तर अडवणार कोण?"

तेवढ्यात बाहेर, पायरीवरून, जयंतीबाईंचा आवाज आला. कुणा नव्या बाईला त्या परत पाठवत होत्या. "आत देव नाही गं आता. उत्तरपूजा झाली काल, माझ्यासमोर. बघायचं तर बघ, वाटी इथं ठेव."

मॅडम थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन महिने बघते."

टेप गुंडाळला गेला. गुणाजी पायरीवर आला, तर जयंतीबाईंनी तोंड फिरवलं. पण उठल्या नाहीत.