चौकोनी निळा डाग

हे मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. बायकोकडे नाही, ऑफिसातल्या मित्रांकडे तर नाहीच. गोष्ट एका स्वयंपाकघराच्या छतावरच्या डागाची आहे — एवढ्याशा डागाचं काय सांगायचं, असं स्वतःला समजावत ती आत ठेवता आली. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून धीर होतोय. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

आधी माझं काम सांगतो. महाप्याच्या एका लहानशा कंपनीत आहे मी. आम्ही थर्मल कॅमेरे घेऊन हिंडतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गरम ते लाल-पिवळं, गार ते निळं. कारखान्याच्या पॅनेलमधला सैल पडलेला जोड जळायच्या आधीच त्यात उजळतो. मोटरचं बेअरिंग जायला आलं की कळतं. कोल्ड स्टोरेजच्या दारातून गारवा कुठून निसटतोय, भट्टीचं अस्तर कुठे पातळ झालंय, सगळं दिसतं. एकदा गुरांच्या डॉक्टरांनी लंगडणाऱ्या घोडीचा पाय बघायला बोलावलं होतं. हाताला न लागलेली सूज पडद्यावर लालभडक! त्या दिवशी घोडीपेक्षा मीच जास्त खूश होतो. आणि सोसायट्यांमधली गळती — नवी मुंबईत त्या कामाला तोटा नाही.

नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, फक्त गार आणि गरम दिसतं. निळं दिसलं म्हणून पाणी म्हणायचं नाही. आधी ओलावा मोजायचं मीटर लावायचं, मग तोंड उघडायचं. हे मी इतकं ठासून सांगतो की पोरं पाठीमागे माझी नक्कल करतात. करू देत. पण हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

उलव्याला आमच्या समोरच्या दारात भारतीमावशी राहायच्या. खाडीकाठच्या गावातल्या, जन्म मासे विकण्यात गेलेला. मुलानं हौसेनं फ्लॅट घेतला आणि आईला आणलं. तो बोटीवर नोकरीला, म्हणजे घरात बहुतेक वेळ मावशी एकट्याच. उरलेले मासे पत्र्याच्या चौकोनी पेटीत बर्फ घालून त्या रात्री ओट्याखाली ठेवायच्या. बायकोला बाळंतपणानंतर मुडदुशांचं, म्हणजे बाळंतिणीला देतात त्या माशांचं, कालवण त्यांनीच खाऊ घातलं होतं, रोज, न सांगता. दार वाजायचं, उघडावं तर उंबऱ्याशी डबा, आणि मावशी परत आपल्या घरात.

सोसायटीला मात्र त्यांचा त्रास होता. लिफ्टमध्ये वास येतो म्हणे. त्यांच्या बरोबर खाली सावंतकाका राहायचे — मूळचे मालवणचे, मासे नसले तर ज्यांचा घास उतरत नाही — पण वास काय तो मावशींचाच. अशात सावंतांच्या स्वयंपाकघराच्या छताला, कोपऱ्यात, ओल आली. मग काय, मासे धुतात त्याचंच पाणी, असं सगळ्यांचं ठरूनच गेलं. पुराव्याला मी होतो.

रविवारी सकाळी कमिटीचे सगळे सावंतांच्या स्वयंपाकघरात जमले. कॅमेरा छताकडे धरला, आणि पडद्यावर मोठा, गडद निळा डाग उमटला. मागून सगळ्यांचा एकदम आवाज निघाला. काय सांगू — असा आवाज माझ्यासाठी आयुष्यात कधी निघाला नव्हता. कारखान्यात आम्हाला कोण विचारतं? इथे सेक्रेटरी मला सर म्हणत होते. मीटर माझ्या बॅगेत होतं. बॅग पायाशी होती. आणि मी बोटानं दाखवून म्हणालो, हे बघा, पाणी.

फोटो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर गेला. अंगठ्यांवर अंगठे. मावशींना ग्रुप वाचता येत नव्हता. सेक्रेटरींनी त्यांना मोबाइल धरून दाखवला. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊंच्या मशीनीत दिसलं ना? मंग असंल. माज्यामुलं लोकांचं घर खराब झालं, बरं नाय ते.”

भांडल्या असत्या तर? मला वाटतं, त्या भांडल्या असत्या तर मी मीटर काढलं असतं. नाही — हे खोटं आहे. नसतंच काढलं.

त्या आठवड्यात लादी फोडायला गवंडी आला. कुठे फोडायचं ते दाखवायला मला बोलावलं. मावशींनी जागा करून द्यायला ती पत्र्याची पेटी ओढून बाजूला घेतली, आणि मी कॅमेरा सुरू केला. पेटीखालची लादी निळी. गडद निळी, चारी कोपरे काटकोनात. मी रविवारचा फोटो उघडला. त्यातल्या डागालाही कडा होत्या, सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. पाणी कधी असं कोपरे धरून पसरतं का? तो रात्रभरच्या बर्फाचा गारवा होता, स्लॅबमधून खाली उतरलेला. खरी ओल त्याच फोटोत एका बाजूला होती — डक्टच्या भिंतीकडून आलेली फिकट, वेडीवाकडी रेघ. डक्टमधला पाइप गळत होता. सोसायटीचाच पाइप. म्हणजे त्यात कुणाचीच चूक नव्हती! मला फक्त एवढंच म्हणावं लागलं असतं, की मी घाई केली, माझं चुकलं.

गवंड्यानं विचारलं, “सर, इधरच ना?”

मी मान डोलावली.

पहिली लादी निघाली, दुसरी निघाली. खाली सगळं कोरडं, भुरभुरीत. गवंड्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, जिरलं असेल. इतकं सहज म्हणालो की मलाच पटलं. आणि मावशी आम्हा दोघांसाठी चहा घेऊन उभ्या होत्या. तो चहा मी प्यायलो.

पुढचं सगळं आपोआप झालं. घरात बर्फ-मासे ठेवायचे नाहीत असा ठराव झाला. मी हात वर केला. मावशी उरलेली मासळी संध्याकाळी मिळेल त्या किमतीला काढून टाकायच्या, नाहीतर भावाकडे गावात नेऊन ठेवायच्या. ही धावपळ त्या वयात. लिफ्टमध्ये कुणी असलं की जिन्यानं जायच्या. आमच्या दाराशी डबा येणं बंद झालं — राग म्हणून नव्हे हो, आपल्या हातच्या वासाचा तुम्हाला त्रास नको म्हणून, असं त्या बायकोला म्हणाल्या. बायको हळहळली. मी पेपर वाचत होतो.

पेटी हलली तरी ओल काही हटली नाही. मग इतर मजल्यांवरूनही तक्रारी आल्या आणि डक्टचे सगळे पाइप बदलले गेले. सावंतांचं छत खडखडीत वाळलं, पण आधी मावशींचं पाणी होतंच, असं सगळे धरून चालले. काकांनी मला खाली बोलावून हात हातात घेतला. तुम्ही वेळेवर पकडलंत म्हणून घर वाचलं, म्हणाले. मी काय म्हणालो असेन? काही नाही, काका, आपलं कामच आहे.

मावशींचं मन मात्र तिथे रमलं नाही. मुलानं घर विकायला काढलं आणि त्या गावी परत जायला निघाल्या. सामान बांधून झाल्यावर त्यांनी माझं दार वाजवलं. मशीन घेऊन येता का, म्हणाल्या. रिकाम्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. नव्या लाद्या बाकीच्या लाद्यांपेक्षा उजळ दिसत होत्या. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, “एकदा बगून सांगा, भाऊ. नवीन मानसं येतील. माजे पान्यानं त्यांना तरास नको.”

मी कॅमेरा लादीवरून फिरवला. सावकाश, भिंतीपासून भिंतीपर्यंत, खरंच काही शोधत असल्यासारखा. मग बॅगेतून मीटर काढलं — हो, त्या दिवशी काढलं — आणि लादीला लावलं.

“आता सुकं हाय ना?”

“हो मावशी,” मी म्हणालो. “आता सुकं आहे.”

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि खाली सावंतांची माफी मागायला गेल्या.