कमानीखालची काच

आमचे सासरे मोरेश्वरराव नागपूरला चौतीस वर्षं बांधकाम खात्यात होते. ठेकेदारांनी त्यांना इतकं फसवलंय, की ते दुधाच्या पिशवीवरही विश्वास ठेवत नाहीत. परदेशात, मलिंगारला आमच्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना संशय आला तो कालव्यावरच्या दगडी पुलाचा. पूल दोनशे वर्षांचा, आणि आमच्या रेवाची शाळेची बस रोज त्यावरूनच जाते.

"कमानीत भेग आहे, स्वप्नाली. पूल हलून राहिला."

"दोनशे वर्षं उभा आहे, बाबा."

"म्हणूनच म्हणतो."

मग त्यांनी खात्याची जुनी युक्ती केली. भेगेवर काचेची पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि वर तारीख घातली. भेग वाढली की काच तडकते. तिसऱ्या दिवशी काचच गायब! दुसरी लावली, तीही गेली. भेग वाढूनच काच निखळत असेल, म्हणून बाबांनी रेवाची बस बंद केली. मी चडफडत तिला लांबच्या रस्त्याने गाडीतून सोडायला लागले. "आजोबा, द ब्रिज इज ग्रँड!" रेवा रोज ओरडायची, म्हणजे इथल्या बोलीत पूल अगदी ठणठणीत आहे.

शेवटी बाबा सकाळी कालव्याकाठी दबा धरून बसले. चोर सापडला. शेजारचा डोनल, निवृत्त गवंडी, हातात छिन्नी. दोघांची अशी जुंपली, की दुभाषी म्हणून मला धावावं लागलं. डोनललाही संशयच होता, कोणी परका आपला पूल बिघडवतोय म्हणून.

"चुन्यातल्या पुलाला सिमेंट? दगड फुटतील!" तो म्हणाला. बाबा ओशाळले. आयुष्यात त्यांना कामावरून असं कुणी सुनावलं नव्हतं.

मी मात्र खूश झाले. चोर सापडला, म्हणजे पूल निर्दोष! सोमवारी रेवाला पुन्हा बसमध्ये बसवलं. बाबांनी विरोध केला, तर मी फटकन म्हणाले, "पुरे झाला तुमचा संशय." डोनलला घेऊन त्यांनी तिसरी काच लावली, या वेळी चुन्यात. दोन रिकामटेकडे एकत्र आले, असं मी नवऱ्याला हसून सांगितलं.

पंधरवड्याने दोघं दारात उभे. काच जागेवरच होती, पण मधोमध तडकलेली. डोनलने कौन्सिलला फोन केला आणि दुपारपर्यंत पूल वाहनांना बंद झाला.

बाबांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. ते पंधरा दिवस रेवाला बसमध्ये मीच चढवत होते, आणि बस कमान ओलांडेपर्यंत हसून हात हलवत होते.